फिरत्या टेबलावरची कोळंबी

४ मार्च, शियामेन

आज मुहूर्त झाला. लाल कापड पांघरलेला कॅमेरा, त्याच्यापुढे फळांच्या राशी, एक आख्खं भाजलेलं डुक्कर, आणि आम्ही सगळे हातात उदबत्त्या घेऊन चारी दिशांना वाकतोय. कशासाठी, तर ‘अध्यक्षसाहेब, चुकीची लिफ्ट!’ या मालिकेतली साखर लोकांच्या घशाखाली सुखरूप उतरावी म्हणून. देवांना दुसरे उद्योग नाहीत असं दिसतं.

म्हातारपणी वाचून लाज वाटावी म्हणून लिहून ठेवते. मी, तान शूयून, वय छत्तीस, एक कादंबरी छापून आलेली आणि आईशिवाय कोणी न वाचलेली, दुसरी अर्धी लिहून पडलेली, या चोवीस भागांची लेखिका आहे. पटकथा लिहून झाली आहे, पण चित्रीकरण संपेपर्यंत मी इथेच हॉटेलात राहायचं आणि रोज ती उसवून पुन्हा शिवायची. नायिकेला रडता येत नसेल तर रडणं काढायचं, नायकाला लांब वाक्यं पाठ होत नसतील तर त्याला अबोल करायचं. तो आता इतका अबोल झाला आहे की प्रेक्षकांना फार खोल वाटणार.

गोष्ट अशी. शिकाऊ नोकरीवरची मुलगी चुकीच्या लिफ्टमध्ये शिरते. आत अध्यक्षसाहेब. ते ऐन पंचविशीत डझनभर कंपन्यांचे मालक, आणि पहिल्या भागापासून शेवटपर्यंत त्यांना एकही मीटिंग नाही. ती अडखळते, ते झेलतात. पुन्हा अडखळते, पुन्हा झेलतात. आमच्या मालिकांतल्या पोरी इतक्या पडतात की प्रेमाआधी कोणीतरी त्यांचे तोल सांभाळणारे कान तपासायला हवेत. झोपतात त्या ओठांना रंग लावून, आणि शिकाऊ पगारात त्यांच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. माझ्या खिडकीतून समोरच्या हॉटेलाची खिडकी दिसते.

संध्याकाळी सगळ्या युनिटचं जेवण होतं. समोर बसला होता संकलक, लुओ पिंगआन. चित्रीकरण चालू असतानाच भाग जोडत जायचे म्हणून त्यालाही हॉटेलातच खोली दिली आहे. चाळिशीचा, झांगझोऊकडचा, शर्टाची कॉलर कायम एका बाजूने आत गेलेली. सेटवर आम्ही शाळेत असल्यासारखे एकमेकांना ‘बाई’ आणि ‘मास्तर’ म्हणतो, आणि हा खरोखरच मास्तर दिसतो. स्वतः काही खात नव्हता, नुसता कोळंबी सोलत बसला होता. वाटीभर सोलून झाल्यावर ती वाटी त्याने टेबलावरच्या फिरत्या काचेवर ठेवली आणि काच हळूच फिरवली. वाटी सगळ्यांपुढून फिरत आली आणि नेमकी माझ्यापुढे थांबली. मला सोलायचा भयंकर कंटाळा, त्यामुळे सगळी मीच संपवली. कधी कधी नशीब बरं असतं.

१० मार्च

दक्षिणेकडचा ओला वारा सुटला की या गावात भिंतींना घाम फुटतो. अंथरूण ओलं, कागद ओले, आरसा पुसला की पुन्हा ओला. मालिकेत मात्र सगळं कोरडं खडखडीत, आणि नायिकेचे केस वाऱ्यावर.

दुपारी लुओ दारात उभा. हातात हवा कोरडी करायचं यंत्र.

“तानबाई, हे इथे ठेवू का? माझ्या खोलीत अडचण होते.”

“ते तुमच्या हार्ड डिस्कसाठी आणलंय ना प्रॉडक्शनने?”

“डिस्कना काय, त्या डब्यात आहेत. तुमचे कागद उघडे असतात.”

ठेवून गेला. माझ्या खोलीला सगळे अडगळीची खोली समजतात. असो, भिंती जरा सुकल्या.

हॉटेलचं एक मात्र मान्य करायला हवं. परवा पोट दुखतं म्हणून मी सेटवर कुरकुर केली असेन, तेव्हापासून सकाळी दाराबाहेर झाकणाच्या डब्यात रताळं घातलेली तांदळाची पेज असते, सोबत अर्धं खारं अंडं. या दर्जाच्या हॉटेलात एवढी सेवा म्हणजे नवलच.

१३ मार्च

आईचा शाओशिंगहून फोन. आधी नेहमीचं: शेजारच्या फांगबाईंचा भाचा, घटस्फोट झालाय पण मूल नाही, स्वतःचं घर आहे. मी म्हटलं, घराशी लग्न लाव माझं. मग विचारते, “तुझी ती नवी मालिका कधी लागणार?”

“आई, तू तरी बघू नकोस गं ते. खोटं असतं सगळं.”

“कळतं मला. गिरणीत जन्म गेला माझा, खोटं काय ते मला कळतं. खरं बघायचं तर टीव्ही कशाला लावू?”

“असा पुरुष नसतो जगात.”

“नसूदे की! तुझ्या बापाला मरेपर्यंत कळलं नाही की मला माशाचं डोकं आवडत नाही. दर सणाला मानाने माझ्याच वाटीत घालायचा, आणि मी हसून खायची. आता संध्याकाळी बघते घटकाभर, कोणी कोणासाठी काटे काढतंय, कोळंबी सोलतंय. तुझं काय जातं गं त्यात?”

माझं काही जात नाही. पण एवढ्या मोठ्या देशातल्या समस्त बायका दिवसभर राबून घरी येतात आणि उशीला टेकून एका रंगवलेल्या पोराने कोळंबी सोललेली बघतात, याची मला चीड येते. बघण्यापेक्षा नवऱ्याच्या हातात टोपली द्यावी. आणि ही अफू शिजवणाऱ्यांत मीही आहे, त्याची तर जास्तच.

१६ मार्च

सुट्टी. नायकाच्या कपाळावर पुटकुळी आली म्हणून आख्खं युनिट थांबलं. समुद्राकाठी फिरायला गेले, तर वाटेत लुओ भेटला. तोही तिकडेच निघाला होता म्हणे. रस्त्याच्या बाजूने स्वतः चालतो आणि मला आतल्या बाजूला ठेवतो; मी एकदा जागा बदलली तर पुन्हा गुपचूप बाहेर आला. काही लोकांना रहदारीचा छंदच असतो.

बोलला मात्र कधी नव्हे तो. झांगझोऊला त्याचं घर आहे, इथून तासाभरावर. काम संपलं की तिकडेच राहून घरूनच संकलन करायचा विचार आहे.

“वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे,” म्हणाला. “खिडकीतून नर्गिसच्या फुलांची शेतं दिसतात. शांत आहे. अर्धी राहिलेली कादंबरी लिहायला बरी.”

“नेट कसं आहे तिथं?”

“नेट?” तो म्हणाला. “आहे. चांगलं आहे.”

“मग भाड्याने द्या की. रिकामी कशाला ठेवता?”

“भाड्याने नाही द्यायची.”

मग मला सांगायचं कशाला? काही माणसांना गप्पा मारणं जमतच नाही. त्यानंतर परत येईपर्यंत आम्ही लाटांबद्दल बोललो.

१९ मार्च

निर्माती मेईताई आज बीजिंगहून येऊन थडकली. आतापर्यंत जोडलेलं सगळं बघितलं आणि माझ्यावर घसरली.

“शूयून, पहिला नायक ठीक आहे, उद्धट आहे, देखणा आहे. पण तुझा दुसरा नायक नुसता उभा आहे गं कपाटासारखा! त्याच्यासाठी बायकांच्या पोटात तुटायला नको?”

आमच्या धंद्यातला हा पक्का कायदा आहे. पहिला नायक वाईट हवा, म्हणजे नायिकेला त्याला सुधारता येतं. दुसरा चांगला हवा, म्हणजे तिला त्याला नाकारता येतं. बायका लग्न पहिल्याशी लावून देतात आणि रडतात दुसऱ्यासाठी. दुसऱ्याने फक्त द्यायचं, मागायचं नाही आणि शेवटी हसून बाजूला व्हायचं. माठ असावा लागतो त्यासाठी.

“मला त्याच्या बारीक बारीक गोष्टी हव्यात,” मेईताई म्हणाली. “फुगे, फुलं, हेलिकॉप्टर नको. खऱ्या वाटतील अशा. परवापर्यंत दे.”

परवापर्यंत! खऱ्या वाटतील अशा गोष्टी काय झाडाला लागतात?

२० मार्च

झाडाला नाही, पण समोर बसून जेवत होत्या.

दुपारचे डबे आले. माझ्या डब्यात सगळीकडे कोथिंबीर. ज्यांना कोथिंबीर चालते त्यांना मी काय भोगते ते कळणार नाही. लुओने माझा डबा ओढला, चॉपस्टिकने पान न् पान वेचून आपल्या भातावर टाकलं आणि डबा परत सरकवला. मेईताईशी त्याचं रंगांच्या दुरुस्तीबद्दल बोलणं चाललं होतं, ते न थांबवता.

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. आयता माणूस बसलाय की समोर! कोळंबीची वाटी, कोरड्या हवेचं यंत्र, रस्त्याची बाहेरची बाजू, आता ही कोथिंबीर. सगळ्यांशीच असा वागत असणार, स्वभावच पडला त्याचा. अशा माणसाला कथेत काही वापर नसतो, दुसरा नायक सोडून. खोलीवर आले आणि एका बैठकीत सगळं लिहून काढलं. दुसरा नायक कोळंबी सोलतो, काच फिरवून नायिकेपर्यंत पोहोचवतो, आणि ती शेजारी बसलेल्या अध्यक्षसाहेबांकडे बघून म्हणते, “माझ्यासाठी सोललीत?” अध्यक्षसाहेबांनी कोळंबीला बोटही लावलेलं नसतं, पण ते मान डोलावतात. समोर दुसरा नायक हात पुसतो आणि हसतो.

फार दिवसांनी काहीतरी जमल्यासारखं वाटलं. कादंबरी लिहिताना वाटायचं तसं.

२१ मार्च

मेईताई वाचताना चक्क रडली. “कुठून सुचतं गं तुला?” मी म्हटलं, निरीक्षण.

२ एप्रिल

आज कोळंबीचं दृश्य झालं. दुसऱ्या नायकाचं काम करणारा यू हांग अजून शाळकरी दिसतो, पण डोकं आहे त्याला.

“तानबाई, हा हे सगळं का करतो?”

“स्वभाव आहे त्याचा.”

“नाही, म्हणजे, तो टेबलावरच्या इतरांसाठी कुठे सोलतो? फक्त तिच्यासाठीच सोलतो ना?”

“अरे बाबा, गोष्टीत ती नायिका आहे म्हणून.”

“आणि तिला कळत कसं नाही? काच तर त्याच्याकडूनच फिरली. नुसतं वर बघितलं असतं तरी दिसला असता.”

“तिला कळलं तर पुढचे भाग तू लिहिणार आहेस का?”

दृश्य मात्र सुरेख झालं. दिवे धरणारे, केस विंचरणाऱ्या बायका, सगळे हळहळले. रंगभूषेवाली म्हणाली, असा मला मिळाला असता तर मी पाय धरले असते. सगळ्यांना असे हवे असतात आणि सगळ्यांना माहीत असतं की असे नसतात, आणि तरी दर वेळी ही हळहळ खरी असते. या बायकांपुढे मी हात टेकले.

६ एप्रिल

नवीन जोडलेले भाग बघायला लुओच्या खोलीत गेले. भिंती ओल्याचिंब, एका कोपऱ्यात बादली. यंत्र परत घेऊन जा म्हटलं तर ऐकेना. पडद्यावर कोळंबीचं दृश्य थांबवून ठेवलेलं, यू हांग हात पुसतानाचं.

लुओने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, “हे जोडताना आधी हसू आलं मला. म्हटलं, हा गडी ओळखीचा वाटतो.”

“छान झालंय ना? मेईताई तर रडली.”

“छान झालंय.” त्याने कॉलर चाचपली, नेमकी जी बाजू बाहेर होती ती. “तानबाई, शेवटी ती कोणाकडे जाते?”

मी हसले. “लुओ मास्तर, इतकी वर्षं मालिका कापताय आणि हे काय विचारता? पहिल्याकडेच जाणार.”

“आणि हा?”

“हा दुसरा आहे.”

“त्याला कधी कळतं? की आपण दुसरे आहोत म्हणून?”

“शेवटच्या भागात. आधी कळून चालायचं नाही. आधी कळलं तर तो निघूनच जाईल, मग इतके भाग कोळंबी कोण सोलणार?”

यावर तो हसला. मग म्हणाला, “बरोबर आहे,” आणि दिवा लावला. मला वाटतं त्याला माझी विनोदबुद्धी आवडते.

९ एप्रिल

हॉटेलची सेवा ढासळली. तीन दिवस पेज नाही. आधी चांगली सवय लावायची आणि मग काढून घ्यायची, ही यांची नेहमीची रीत. खाली तक्रार करायला गेले तर काउंटरवर कोणी नव्हतं. पोट पुन्हा दुखायला लागलं आहे.

१२ एप्रिल

आज डब्यात पुन्हा कोथिंबीर. लुओ दुसऱ्या टेबलावर बसला होता, प्रकाशवाल्या मुलांबरोबर. मीच वेचत बसले. वेचता वेचता डबा थंड झाला.

२१ एप्रिल

लुओशी वाद झाला. वाद कसला, तो दोन वाक्यं बोलला आणि मी वीस.

दुसऱ्या नायकाचं निरोपाचं दृश्य उद्या आहे. मी लिहिलं आहे ते असं: धक्क्यावर तो बोटीत चढतो, नायिका फोनवर अध्यक्षसाहेबांशी बोलतेय. तो वळतो, तिच्याकडे बघून हसतो, हात हलवतो. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. बोट जाते. हे दृश्य म्हणजे हुकमी एक्का आहे.

लुओ सेटवर कधी येत नाही, आज आला. “एक विनंती होती. त्याला मागे वळायला लावू नका.”

“का?”

“एवढं केलं बिचाऱ्याने. निदान जाताना तरी मान ताठ ठेवून जाऊद्या.”

“प्रेक्षकांना तो वळलेला हवा असतो हो! वळला नाही तर रडणार कधी त्या?”

“वळून त्याला काय दिसतं?”

“ती दिसते.”

“ती फोनवर आहे,” लुओ म्हणाला.

मी त्याला समजावलं की भावनेला तर्क लावायचा नसतो, आणि मालिका असली तरी लेखन माझं आहे. त्याने ऐकून घेतलं. मग सांगितलं की बाकीचं संकलन तो झांगझोऊला घरी बसून करणार आहे, मेईताईची परवानगी मिळाली. मी म्हटलं, बरं, तिथे भिंती तरी कोरड्या असतील. इतकं वाईट बोलायचं मनात नव्हतं, पण माझ्या दृश्याला हात लावलेला मला खपत नाही.

२३ एप्रिल

लुओ गेला. गाडी हॉटेलच्या दारात उभी होती, डिस्कचे डबे चढवत होते. मी पायऱ्यांवर मेईताईशी फोनवर होते. नायिकेची छत्री पिवळी की पारदर्शक यावर तिचा जीव अडकला होता. लुओ येऊन समोर जरा उभा राहिला. मी फोनवर हात ठेवून म्हटलं, “सुखरूप जा हं मास्तर,” आणि हात हलवला. छत्री शेवटी पारदर्शक ठरली, म्हणजे पावसातही तोंड दिसतं.

यंत्र माझ्याच खोलीत राहिलं. विसरला.

६ मे

काम संपलं. नायक-नायिकेला फुलांचे गुच्छ मिळाले, आम्हाला टाळ्या. रस्त्यावर गुलमोहर फुलू लागलेत, आणि फुलं नायिकेच्या केसांत पडावीत म्हणून एका माणसाला झाडावर चढवलं होतं.

हॉटेल सोडताना काउंटरवरच्या मुलीला मी सुनावलं, की पेज मध्येच बंद करणं बरं नव्हे.

“कसली पेज, बाई? आमच्याकडे सकाळी पाव आणि दूध असतं फक्त.”

“रताळ्याची. दाराशी ठेवायचात.”

ती शेजारणीकडे बघून हसली. “ती होय! ती लुओ मास्तर करायचे. पहाटे खाली येऊन आमच्या चुलीचा एक कोपरा मागून घ्यायचे. रताळी पण स्वतःच आणायचे बाजारातून. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

विचित्र माणूस. सांगायचं तरी. न सांगता कोणी कोणासाठी काही करतं का?

गाडीत बसल्यावर हे वाक्य पुन्हा आठवलं. मीच तर असं करणारा माणूस चोवीस भाग लिहिला आहे. मग खिडकी उघडली आणि दुसरा विचार करू लागले.

१८ ऑक्टोबर, शाओशिंग

दुसऱ्या कादंबरीचं एक पान झालेलं नाही. मालिका लागली आहे आणि देशभर गाजते आहे. मी बघणार नव्हते. पण आई बघते, आणि घर लहान आहे.

चालत्या चित्रावरून प्रेक्षकांची वाक्यं सरसर सरकत जातात, ती आईला वाचता येत नाहीत म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवते. अध्यक्षसाहेबांचं कोणाला काही पडलेलं नाही. सगळ्या दुसऱ्या नायकावर जीव टाकताहेत. ‘वेचलेली कोथिंबीर स्वतः खाल्ली, मेले मी.’ ‘हा लिहिणारीने कुठे बघितला, पत्ता द्या.’ ‘नायिका आंधळी आहे का?’

“आहेच आंधळी,” आई म्हणाली. “काय गं शूयून, तू लिहिलंस ना हे? कुठे बघितलास?”

“असाच. डोक्यातून.”

“खोटं बोलू नकोस. तुझं डोकं मला माहीत आहे, त्यात नुसती भांडणं असतात.”

२६ ऑक्टोबर

आज शेवटचा भाग. आईने शेंगदाणे उकडले होते, जणू सणच.

धक्क्याचं दृश्य आलं. मी आईला आधीच सांगून ठेवलं, आता तो वळेल, रुमाल घे.

तो वळला नाही. बोटीत चढला आणि पाठमोराच गेला. मग चित्र नायिकेवर आलं आणि तिथेच राहिलं. ती फोनवर बोलतेय, हसतेय, केस मागे सारतेय. मागे बोट लहान होत जाते. संगीत नाही, नुसता पाण्याचा आवाज. ती बोलतच राहते आणि बोट दिसेनाशी होते. इतका वेळ कोणी एखादं चित्र असं ठेवत नाही. पडद्यावरून वाक्यांची झुंबड उडाली, सगळी एकच: ‘वर बघ.’ ‘अगं वर बघ ना.’ ‘एकदा तरी वर बघ.’

आई रडत होती. मी चिडले होते. माझा हुकमी एक्का कापून टाकला होता त्याने, न विचारता.

मग मला हॉटेलच्या पायऱ्या आठवल्या. पारदर्शक छत्री. मी आठवायचा प्रयत्न करते आहे, गाडीत बसताना लुओने मागे वळून बघितलं होतं का. आठवत नाही, असं लिहिलं असतं. पण आठवायला काही नाहीच. मी बघत नव्हते.

२७ ऑक्टोबर

सकाळीच त्याला फोन केला. भांडायला.

“तानबाई! लोकांना आवडलं म्हणतात.”

“मूळ दृश्यात तो वळतो. ते चित्रित झालं होतं, मी तिथे होते.”

“हो. पोराने छान केलं होतं. पुष्कळदा बघितलं मी.”

“मग वापरलं का नाहीत?”

पलीकडे कोंबडा आरवला, एक सायकल गेली. “ती बघतच नव्हती, तानबाई,” तो म्हणाला. अगदी साधेपणाने, कामाचं बोलावं तसं. “तो वळला तर ते बघायला कोण होतं तिथे?”

मला खूप बोलायचं होतं. पेज, यंत्र, ती वरची खोली. मी म्हटलं, “तुमचं यंत्र माझ्याकडे राहिलंय.”

“राहूद्या. तुमच्याकडेही पावसाळ्यात ओल असते ना?”

मी त्याला शाओशिंगच्या पावसाबद्दल कधी सांगितलं होतं, मला माहीत नाही. त्याला मात्र माहीत होतं.

२० नोव्हेंबर

मेईताईचा फोन. दुसरं पर्व करायचं आहे, आणि नायक तोच, कोळंबी सोलणारा. लोकांनी रान उठवलंय, त्याला त्याची नायिका द्या म्हणून.

“नवी बाई हवी, शूयून. त्याची कदर करणारी. पहिल्याच भागात. आता लोकांना ताटकळत ठेवलं तर मारतील आपल्याला.”

“संकलन लुओ मास्तरांकडे दे,” मी म्हटलं. म्हणताना माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

“तो नाही म्हणतोय, पुढच्या महिन्यात लग्न आहे ना त्याचं. गावातलीच आहे, शाळेत शिकवते. अगं, गंमत म्हणजे, तिनेच विचारलं म्हणे त्याला! बाजारात रोज दिसायचा, कधी कोणाच्या टोपल्या उचलून दे, कधी काय, तिने सरळ जाऊन विचारलं. नशीबवान बाई. हॅलो? शूयून, आवाज येतोय का?”

मी म्हटलं, येतोय.

चार ओळी खोडून पुन्हा लिहिते. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की असा पुरुष जगात नसतो, आणि त्याने वेचलेल्या डब्यातला भात खात खात सांगत फिरले. आईच्या संसारात बापाला कधी न कळलेलं एक माशाचं डोकं होतं. माझ्याकडे सगळं सोलून ठेवलेलं होतं. मालिकेवर हसायचा अधिकार आईला आहे, मला नाही.

२४ नोव्हेंबर

पहिलं दृश्य लिहून मेईताईला पाठवलं. गोल टेबल, गर्दी, सगळे एकदम बोलताहेत. काच फिरत फिरत येते, सोललेल्या कोळंबीची वाटी नव्या नायिकेपुढे थांबते. ती चॉपस्टिक खाली ठेवते आणि वाटी कुठून आली ते वर बघते. समोर तो हात पुसत असतो. ती म्हणते, “तुम्ही सोललीत ना?”

मेईताईने लगेच फोन केला. “छान आहे गं, पण जरा पटत नाही. एका वाटीवरून तिला कसं एकदम कळतं?”

“मालिका आहे ना ताई,” मी म्हटलं. “मालिकेत बायकांना कळतं.”